तीव्र चौकस : सिग्नल कोअरची वाटचाल आणि सोलापूरचे पर्व

१५ फेब्रुवारी १९११ हा भारतीय लष्कराच्या सिग्नल कोअरचा स्थापना दिवस. त्या दिवशी उत्तरेत फतेहगड येथे ३१ आणि ३२ क्रमांकांच्या दोन डिव्हिजनल सिग्नल कंपन्या उभ्या राहिल्या आणि संदेशवहन ही लष्कराची स्वतंत्र शाखा म्हणून मान्य झाली. लेफ्टनंट कर्नल एस. एच. पॉवेल हे तिचे पहिले प्रमुख. पुढे या शाखेने ‘तीव्र चौकस’ हे ब्रीद स्वीकारले. संदेश वेगाने पोहोचला पाहिजे आणि तो शत्रूच्या हाती लागता कामा नये, या दोन्ही अटी एकाच वेळी पाळण्याचा हा वसा. शतकाहून अधिक काळ कोअरने तो जपला आहे. या वाटचालीतील एक निर्णायक पर्व सोलापूरच्या वेशीवर घडले, म्हणून सोलापूरकरांना ती जवळची वाटावी.

सॅपर्सच्या पंखाखाली

१९११ पूर्वी लष्करातील निरोप पोहोचवण्याचे काम सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे अभियांत्रिकी दलांकडे होते. पूल बांधणे, सुरुंग लावणे, रस्ता मोकळा करणे या कामांबरोबर तार ओढण्याचे कामही तेच करीत. महाराष्ट्राला परिचित असलेले खडकीचे बॉम्बे सॅपर्स हे त्याच परंपरेतले. १८५४ मध्ये देशात सार्वजनिक तारसेवा सुरू झाली आणि तीनच वर्षांनी, १८५७ च्या धामधुमीत, तारेचे लष्करी मोल राज्यकर्त्यांना पुरते कळून चुकले.

तार जिथे पोहोचत नसे तिथे डोळ्यांवर भिस्त असे. दिवसा निशाणे, रात्री दिवे आणि लख्ख उन्हात हेलिओग्राफ. तिपाईवर बसवलेल्या आरशाने सूर्यकिरण दूरच्या टेकडीकडे वळवायचा आणि त्याची उघडझाप करून मोर्स लिपीत निरोप द्यायचा. दुसऱ्या अफगाण युद्धात हिंदुस्थानी फौजांनी या साधनाचा मोठा उपयोग केला. पण ढग आले, धूळ उडाली किंवा धुके उतरले की सेनापतीचा आपल्याच तुकड्यांशी असलेला संबंध सुटे. मोहिमा पसरत गेल्या, तोफांचा पल्ला वाढला, आणि हे काम जोडकाम म्हणून चालणार नाही हे उघड झाले. फतेहगडच्या दोन कंपन्या त्या जाणिवेतून जन्मल्या.

पहिली कसोटी

स्थापनेला चार वर्षेही झाली नव्हती तोच पहिले महायुद्ध उभे राहिले. फ्रान्सच्या खंदकांमध्ये हिंदुस्थानी सैन्याबरोबर सिग्नल कंपन्या गेल्या. टेलिफोनच्या तारा खंदकातून टाकायच्या, तोफगोळ्यांनी त्या तुटायच्या, आणि लाईनमनने अंधारात तार हाताने चाचपत तुटलेल्या ठिकाणी पोहोचून जोड द्यायचा, असा दिनक्रम होता. बाकीचे सैनिक आडोशाला जात असत तेव्हा लाईनमनला उघड्यावर यावे लागे.

मेसोपोटेमियाची मोहीम महाराष्ट्राच्या अधिक ओळखीची. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ३४ वी सिग्नल कंपनी होती आणि याच डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी लढत होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून कुत येथे या डिव्हिजनला तुर्की फौजांचा वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागेपर्यंत उपासमार आणि रोगराई वाढत गेली. बाहेरून येणारे सर्व रस्ते बंद असताना, सुटकेसाठी झुंजणाऱ्या फौजेशी बोलणे चालू राहिले ते वायरलेसच्या आधारावर. कुतची मोहीम पराभवाची. मात्र वेढ्यातील सैन्य एकटे पडू न देणे हे सिग्नल दलाचे कर्तव्य तिथे अखेरच्या दिवसापर्यंत पार पाडले गेले.

कोअरच्या कर्तव्याची कायमची व्याख्या या युद्धाने घालून दिली. संपर्क कधीच तुटणार नाही, असे वचन रणांगणावर कोणी देऊ शकत नाही. तुटलेला संपर्क किती लवकर जोडला जातो, यावर सिग्नल दलाची पारख होते. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हीच कसोटी लागली.

जबलपूर आणि हिंदी सैनिकांचा प्रवेश

महायुद्धानंतर जबलपूर येथे सिग्नल प्रशिक्षण केंद्र उभे राहिले आणि तेच कोअरचे घर झाले. सिग्नलमध्ये भरती होणाऱ्या जवानाला ‘सिग्नलमन’ हे पद मिळते. त्याला बंदूक चालवता आली पाहिजेच, शिवाय मोर्स, विद्युतशास्त्राचे प्राथमिक ज्ञान आणि संदेशाच्या भाषेवर पकडही हवी. शिक्षणाचा प्रसार मर्यादित असलेल्या त्या काळात असे जवान मिळवणे आणि घडवणे सोपे नव्हते. त्यातच नाजूक आणि गोपनीय कामे, विशेषतः सायफरची म्हणजे सांकेतिक लिपीची, बराच काळ ब्रिटिश सैनिकांकडे राखून ठेवलेली होती. हिंदी जवानांनी एकेक काम शिकत, एकेक परीक्षा देत ही मर्यादा ओलांडली.

जबलपूरमध्येच १९३५ साली कोअरचे मोटारसायकल पथक आकाराला आले. हातोहात संदेश नेणाऱ्या डिस्पॅच रायडरच्या कौशल्यातून जन्मलेले हे पथक आज ‘डेअरडेव्हिल्स’ या नावाने प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात देशाला परिचित आहे.

दुसऱ्या महायुद्धात कोअरचा विस्तार झपाट्याने झाला. उत्तर आफ्रिकेचे वाळवंट, इटलीचे डोंगर, मलायाचे रबराचे मळे आणि ब्रह्मदेशाची जंगले अशा अगदी भिन्न प्रदेशांत सिग्नल तुकड्यांनी काम केले. वाळवंटात तार टाकणे सोपे, पण रणगाडे तिच्यावरून जात. जंगलात दमट हवेने सेट बंद पडत आणि दाट झाडी रेडिओलहरींना अडवी. १९४४ च्या इंफाळ आणि कोहिमाच्या लढायांत वेढल्या गेलेल्या ठाण्यांचा बाहेरच्या जगाशी दुवा होता तो वायरलेस सेट. पिछाडीच्या मुख्यालयांतील टेलिफोन एक्स्चेंज आणि सायफर कार्यालयांत महिला सहायक दलाच्या तरुणींनी केलेल्या कामाचीही नोंद इथे घेतली पाहिजे.

फाळणी आणि काश्मीर

१९४७ मध्ये स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली. सैन्याप्रमाणे सिग्नल तुकड्या, साहित्य आणि माणसेही वाटली गेली. ब्रिटिश अधिकारी आणि कारागीर जवान मायदेशी निघाले, आणि अनुभवी हातांची मोठी उणीव निर्माण झाली. ती भरून काढायला उसंत मिळाली नाही. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय सैन्य विमानाने श्रीनगरला उतरू लागले आणि पाठोपाठ दिल्ली, जम्मू व श्रीनगर यांना जोडण्याचे काम उभे राहिले. हिमवर्षावात घाटांवरून तारा टिकवणे आणि डोंगरांच्या आड गेलेल्या तुकड्यांपर्यंत रेडिओ पोहोचवणे, हा अनुभव कोअरने लढता लढताच मिळवला.

सोलापूर, सप्टेंबर १९४८

काश्मीरचे युद्ध चालू असतानाच दक्षिणेत हैदराबाद संस्थानचा प्रश्न चिघळला. निजामाच्या राजवटीत रझाकारांच्या अत्याचारांनी कळस गाठला होता. संस्थानच्या सीमेला लागून असलेला सोलापूर जिल्हा त्या काळात स्वातंत्र्यसैनिकांचा आधार आणि निर्वासितांचा आसरा बनला होता. हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या शिक्षणाचा काळही सोलापुरात गेला होता. लष्कराशी या शहराचे नाते त्याहून जुने. १८१८ मध्ये सोलापूरचा किल्ला इंग्रजांकडे गेल्यानंतर येथे छावणी वसली, आणि लष्कर, सदर बझार या वस्त्यांच्या नावांत ती आजही उरली आहे.

हैदराबादवरील लष्करी कारवाईची आखणी पुण्यातील दक्षिण कमांडच्या मुख्यालयात झाली. लेफ्टनंट जनरल महाराज राजेंद्रसिंहजी हे कमांडचे प्रमुख होते. मुख्य चढाई पश्चिमेकडून, सोलापूर–हैदराबाद रस्त्याने, मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनने करायची होती. पूर्वेकडून बेझवाड्याच्या बाजूने मेजर जनरल ए. ए. रुद्र यांची फौज निघणार होती आणि औरंगाबादच्या दिशेने मेजर जनरल डी. एस. ब्रार यांची. शिवाय पुण्याहून हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने मदतीला होती. इतक्या दिशांनी निघालेल्या फौजा एका आराखड्याने पुढे सरकायच्या, तर त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच होती : संदेशवहन.

आर्मर्ड डिव्हिजनची सिग्नल रेजिमेंट हे एक फिरते तारघरच असते. चिलखती दलाची लढाई पायदळापेक्षा निराळी, कारण मुख्यालय स्वतःच धावत असते. रणगाड्याचा कमांडर, त्याचा स्क्वॉड्रन, ब्रिगेड आणि डिव्हिजन या प्रत्येक पायरीवर वायरलेसचे वेगळे जाळे लागते, आणि प्रत्येक जाळ्याची वारंवारता, सांकेतिक नावे व वेळा आधी ठरवाव्या लागतात. त्या काळच्या रणगाड्यांत महायुद्धातून आलेला ‘एकोणीस नंबर’चा सेट असे. तो धावत्या गाडीतून बोलता येईल अशा बेताने घडवलेला होता, तरी हादरे, धूळ आणि बॅटरी यांच्याशी ऑपरेटरला सतत झगडावे लागे. चढाई सुरू होण्यापूर्वी सेट मुके ठेवायचे, नाहीतर शत्रूला हालचालीचा सुगावा लागतो. चढाई सुरू झाली की मात्र क्षणाचाही खंड चालत नाही. मौन आणि अखंड बोलणे या दोन्ही टोकांची शिस्त ज्या तुकडीला साधते, तिच्यावर सेनापती विसंबतो.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे फौजा संस्थानच्या हद्दीत शिरल्या. पहिला अडथळा नळदुर्गचा होता. बोरी नदीवरचा पूल उडवला गेला असता तर संपूर्ण चिलखती स्तंभ पावसाळ्याच्या अखेरच्या चिखलात अडकून पडला असता. वेग आणि अनपेक्षितपणा यांच्या जोरावर सातव्या ब्रिगेडने तो पूल शाबूत ताब्यात घेतला. दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या ठाण्यांवर हल्ला केला. याच लढाईत हवालदार बच्चित्तर सिंग यांनी प्राणार्पण केले, आणि देशातील पहिल्या अशोक चक्राच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव कोरले गेले. पूल हाती आल्याची खबर मागे पोहोचताच चिलखती तुकड्या पुढे सरकल्या आणि सकाळी नऊच्या सुमारास जळकोटला, तर दुपारी उमरग्याला पोहोचल्या. दुसऱ्या एका तुकडीने त्याच सकाळी तुळजापूर गाठले. एका दिवसात ६० किलोमीटरची मजल झाली होती. पुढची तुकडी नेमकी कुठे आहे, हे मागच्या तोफखान्याला आणि वरच्या विमानांना वेळेवर कळले नसते, तर एवढा वेग घातकच ठरला असता.

पुढच्या दिवसांत राजेश्वर आणि जहीराबाद पार झाले. जहीराबादजवळ सुरुंगांनी वेग कमी केला, पण चढाई थांबली नाही. १७ सप्टेंबरच्या संध्याकाळी निजामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. १८ तारखेला हैदराबादच्या फौजांचे सेनापती मेजर जनरल अल इद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करली. १७ सप्टेंबर हा दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो. त्या विजयाच्या श्रेयात स्वातंत्र्यसैनिकांचा वाटा आहे, शीख पलटणीचा आहे, रणगाड्यांचा आहे. सोलापूरपासून पुढे धावणाऱ्या स्तंभाबरोबर कानाला हेडफोन लावून बसलेल्या सिग्नलमनचाही तो तितकाच आहे.

स्वयंपूर्णतेकडे

२६ जानेवारी १९५० नंतर ‘कोअर ऑफ सिग्नल्स’ हे नाव रूढ झाले. १९५४ मध्ये ब्रिगेडियर ए. सी. अय्यप्पा हे कोअरचे पहिले भारतीय प्रमुख झाले. सिग्नलमध्ये कमिशन मिळालेले पहिले भारतीय अधिकारीही तेच. त्याच वर्षी बंगळूर येथे भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना झाली आणि लष्करी रेडिओ सेट देशातच घडवण्याची वाट मोकळी झाली. तोवर कोअरचा भार महायुद्धातील उरलेल्या साहित्यावर होता.

अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी महू येथे १९४६ मध्ये सुरू झालेली सिग्नल शाळा १९६७ मध्ये ‘मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग’ बनली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान असलेल्या या छावणीतून अभियंता अधिकाऱ्यांच्या पिढ्या घडल्या.

१९६२ चे चीनबरोबरचे युद्ध हे कोअरच्या इतिहासातले कठीण पान आहे. नामका चू नदीकाठच्या ठाण्यांपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बॅटऱ्या आणि चार्जिंगचे साहित्य माणसांच्या पाठीवरून किंवा विमानातून टाकून पोहोचत होते. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी हल्ला झाला, तारा तुटल्या, ठाणी एकाकी पडली. चौथ्या डिव्हिजनचे सिग्नल प्रमुख लेफ्टनंट कर्नल के. के. तिवारी त्या वेळी आघाडीवरच होते. ते चिनी सैन्याच्या कैदेत पडले. या अनुभवातून लष्कराने पर्वतीय प्रदेशासाठी हलके सेट, अधिक माणसे आणि अधिक प्रशिक्षण यांची निकड ओळखली. आज जबलपूरच्या जोडीला पणजी येथे दुसरे सिग्नल प्रशिक्षण केंद्र आहे आणि गोव्याच्या भूमीवर सिग्नलमन घडत आहेत.

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात, सोलापूरहून एकदा धावलेली पहिली आर्मर्ड डिव्हिजन सियालकोट क्षेत्रात उतरली. फिलोरा आणि चविंडाच्या रणगाडायुद्धांत लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांच्या पूना हॉर्सने गाजवलेला पराक्रम महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी पेटलेला रणगाडा सोडण्यास नकार दिला. तो नकार वायरलेसवरून त्यांच्या वरिष्ठांनी ऐकला, म्हणून तो देशापर्यंत पोहोचला.

पूर्व आघाडीवर १९७१ मध्ये कोअरने १९६२ चे ऋण फेडले. नद्यांनी चिरलेल्या प्रदेशात लढाऊ फौजेच्या तीन कोअर एकाच वेळी ढाक्याकडे सरकत होत्या. त्यांच्यामागे संदेशवहन उभे करण्याची जबाबदारी पूर्व कमांडचे मुख्य सिग्नल अधिकारी म्हणून त्याच के. के. तिवारी यांच्यावर होती. ते आता मेजर जनरल होते. ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसमधील बैठकीची बातमी शत्रूच्या वायरलेस संदेशांतून हाती आली आणि १४ डिसेंबरला मिग विमानांनी त्या इमारतीवर हल्ला केला. दोन दिवसांनी पाकिस्तानी सैन्य शरण आले. नामका चूच्या कैदेतून परतलेल्या अधिकाऱ्याने ढाक्याच्या विजयात दिलेले हे योगदान कोअरच्या चिकाटीची साक्ष आहे.

तारेपासून जाळ्यापर्यंत

पुढच्या काळात कोअरचे काम एकेका दुव्यापुरते न राहता जाळ्याचे झाले. ‘एरेन’ या नावाच्या रेडिओ जाळ्याने लढाऊ फौजांना फिरती एक्स्चेंज दिली. ‘अ‍ॅस्कॉन’ने छावण्या आणि मुख्यालये स्वतंत्र लष्करी जाळ्यात जोडली. १९८४ पासून सियाचेनवर वेगळीच परीक्षा सुरू झाली. तिथल्या थंडीत बॅटरीची शक्ती झपाट्याने घटते, म्हणून बॅटरी उबेत जपणे हा ऑपरेटरच्या कामाचाच भाग असतो. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर चढणाऱ्या पायदळाबरोबर सेट पाठीवर घेतलेला रेडिओ ऑपरेटरही चढत होता.

शांतताकाळातही या कामाची गरज पडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उमरगा परिसरातील गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे दगावली. ज्या उमरग्याच्या रस्त्याने १९४८ मध्ये फौज पुढे गेली, त्याच भागात आता लष्कर ढिगारे उपसण्यासाठी आले. अशा आपत्तीत सार्वजनिक टेलिफोन सर्वांत आधी बंद पडतात. म्हणून मदतीला निघालेली प्रत्येक लष्करी तुकडी स्वतःचे रेडिओ घेऊनच निघते. हीच तयारी २००१ मध्ये भुजच्या भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत उपयोगी पडली.

२०१२ मध्ये केंद्राने संरक्षण दलांसाठी स्वतंत्र ऑप्टिकल फायबर जाळ्याला १३,३३४ कोटी रुपयांची मंजुरी दिली. २०२० मध्ये अ‍ॅस्कॉनच्या चौथ्या टप्प्याचा सुमारे ७,७९६ कोटींचा करार सार्वजनिक क्षेत्रातील आयटीआय कंपनीशी झाला. लष्कराने ‘संभव’ हे सुरक्षित मोबाईल जाळे देशी तंत्रावर उभारले. मार्च २०२४ मध्ये नव्या संदेशवहन तंत्रज्ञानाची पारख करण्यासाठी ‘स्टीग’ ही खास तुकडी स्थापन झाली. सायबर सुरक्षा हा आता कोअरचा मोठा प्रांत आहे. कोअरचे प्रमुख राहिलेले लेफ्टनंट जनरल एम. यू. नायर २०२३ मध्ये राष्ट्रीय सायबर सुरक्षा समन्वयक झाले, यावरूनही या क्षेत्रातील कोअरचे स्थान लक्षात येते.

आजचे स्थान

१९९० च्या दशकापासून महिला अधिकारी कोअरमध्ये येऊ लागल्या आणि त्यांनी लवकरच आघाडी घेतली. २०१६ मध्ये पुण्याच्या औंध छावणीत झालेल्या ‘फोर्स १८’ या बहुराष्ट्रीय सरावात भारतीय तुकडीचे नेतृत्व सिग्नल कोअरच्या लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केले. अशा सरावात भारतीय तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या महिला. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ची माहिती देशाला देताना त्यांना सर्वांनी पाहिले. नागपूर विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतलेल्या कॅप्टन तानिया शेरगिल यांनी २०२० च्या लष्कर दिन संचलनात परेड अ‍ॅडज्युटंटची जबाबदारी पेलली. २०२५ च्या प्रजासत्ताक दिनी कॅप्टन डिंपल सिंग भाटी यांनी डेअरडेव्हिल्सच्या धावत्या मोटारसायकलवरील शिडीवर उभे राहून राष्ट्रपतींना मानवंदना दिली.

हेलिओग्राफच्या आरशापासून फायबरच्या जाळ्यापर्यंत साधने किती तरी वेळा बदलली. कर्तव्य मात्र फ्रान्सच्या खंदकात ठरले तेच राहिले : जिथे संपर्क तुटेल तिथे जायचे आणि तो जोडायचा. आज तुटलेल्या तारेच्या जागी जाम केलेली लहर असेल किंवा घुसखोरी झालेला संगणक असेल, तो शोधून दुरुस्त करायला माणूसच लागतो. सोलापुरातील ९ आणि ३८ महाराष्ट्र बटालियन या एनसीसीच्या तुकड्यांतून दरवर्षी तरुण-तरुणी लष्करी शिस्तीचे धडे घेतात. जिल्ह्यातील अभियांत्रिकी आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी सिग्नल कोअर हे देशसेवेचे मोठे दालन आहे. सोलापूर–हैदराबाद रस्त्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी या कोअरची परंपरा पुढे न्यावी. तो मान सोलापूरने १९४८ मध्येच मिळवला आहे.